कुठे, हे विचारायचं नाही

ओवी घरातून निघाली की मंदाकिनी धुरी तिला कधीही ‘कुठे चाललीस’ असं विचारत नसे. याला दोन कारणं होती. पहिलं निवती गावाचं. समुद्रावर निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारणं म्हणजे त्याची वाट मोडणं. अगदीच राहवलं नाही तर ‘लांब का?’ म्हणावं, आणि तोही ‘लांबच’ म्हणतो, मग जाळं किनाऱ्यालगत दहा वाव पाण्यात टाकायचं असो की मालदीवच्या वाटेवर. दुसरं कारण नौदलाचं. ओवी पाणबुडीवर लेफ्टनंट होती. पाणबुडी कुठे जाते हे तिच्या पोटात बसलेल्या निम्म्या लोकांनाही सांगत नाहीत. त्यांच्या आयांना कोण सांगणार?

“लांब का गं?” मंदाकिनीने दारात विचारलं.

“लांबच,” ओवी म्हणाली. “आणि तो डबा ठेव आत. बोटीवर जागा नाही.”

“खोबऱ्याच्या वड्यांना किती जागा लागते?”

“आई, माझी झोपायची फळी मी दुसऱ्या एका पोरीबरोबर वाटून घेते. ती उठली की मी झोपते. वड्या कुठे झोपवू?”

डबा शेवटी गेलाच. गाडी वळणाआड जाईपर्यंत मंदाकिनी उंबऱ्यात थांबली आणि मग केंद्रात कामाला निघून गेली.

केंद्र म्हणजे निवतीच्या दीपगृहासमोरच्या कातळावरच्या चार खोल्या. मंदाकिनी तिथे देवमाशांचे आवाज ऐकायची. नोकरी म्हणून हे सांगितलं की लोक हसत, पण तिचं नाव जगातल्या समुद्रध्वनीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत माहीत होतं. केंद्राचं सगळं काम एका जुन्या तारेवर चाले. इंटरनेटसाठी समुद्राच्या तळाशी टाकलेली आणि पुढे निकामी म्हणून सोडून दिलेली ती केबल. आत केसाएवढा काचेचा धागा. किनाऱ्यावरून त्यात लेसरचा ठिपका सोडला की धाग्याच्या प्रत्येक हातभर अंतरावरून त्यातला कणभर उजेड परत फिरतो. पाण्यात कुठे आवाज झाला, की त्याचा दाब धाग्याला किंचित ताणतो आणि परतणाऱ्या उजेडाची लय तेवढीच ढळते. ही ढळ मोजली की आवाज हाती येतो. शेकडो मैल लांबीचा एक कानच समुद्रात पडलेला असावा, तसं.

अडचण एवढीच, की हा कान सगळंच ऐकतो. लाटा, पाऊस, भूकंप, मालवाहू जहाजांचे पंखे, तळाशी टिचक्या मारणारी कोळंबी. या कल्लोळातून निळ्या देवमाशाचा खर्जातला सूर वेगळा काढायचा म्हणजे बाकीचा प्रत्येक आवाज ओळखीचा हवा. मंदाकिनीने त्यासाठी एक प्रणाली लिहिली होती. तिला ती ‘फडकं’ म्हणे. नारळाचा रस काढताना खोबरं फडक्यात घालून पिळतात, तसं: देवमासा म्हणजे रस, उरलेलं सगळं चोथा.

हे फडकं तिने एकटीने विणलं नव्हतं. चीनच्या किनाऱ्यावरच्या एका संस्थेत प्राध्यापक शू वेनचिंग हेच काम करत. त्यांची केबल हायनान बेटापासून निघून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून अंदमानच्या समुद्रापर्यंत आलेली. जगभरातल्या निळ्या देवमाशांचा सूर वर्षागणिक थोडा थोडा खाली उतरतो आहे, आणि का, ते कुणालाच सांगता येत नाही. या एका कोड्यापायी दोघांची ओळख झाली, तेव्हा ओवी शाळेत होती. तेव्हापासून मंदाकिनी दिवाळीला आपल्या वर्षभराच्या आवाजांची पुडी पाठवी आणि शू चिनी नववर्षाला त्यांची. पुडीत रस असे आणि चोथाही असे. चोथा पाठवण्याची पद्धत शूंची. “तू काय ठेवलंस ते सगळेच दाखवतात,” त्यांनी पहिल्याच वर्षी लिहिलं होतं, “काय टाकलंस ते दाखव. एखादा देवमासा चोथ्यात गेला असेल तर मला सापडेल.” दोन्ही देशांचे तपासनीस पुडीतला रस बारकाईने तपासत आणि शिक्के मारत. चोथा कोण तपासणार?

दोघे प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते. पडद्यावर बोलत, तेव्हा शाळकरी ओवीही मधे डोकावे आणि त्यांना शूआजोबा म्हणे. शूंच्या प्रत्येक पत्राची सुरुवात मात्र रोमन अक्षरांत लिहिलेल्या ‘जेवलीस का?’ने होई. त्यांच्या गावातही म्हातारी माणसं एकमेकांना हेच विचारत, म्हणून हे वाक्य ते शिकले होते. मराठीतली त्यांना दोनच वाक्यं येत. दुसरं वाक्य ‘चोथा पाठव’.

त्या वर्षी हिवाळ्यात मात्र बातम्या बिघडल्या. चीनने आपल्या जवळच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या परक्या जहाजांची तपासणी जाहीर केली. अमेरिकेने उत्तरादाखल ताफा आणून उभा केला. भारताने दोघांनाही संयम राखायला सांगितलं आणि आपल्या बोटी गुपचूप पाण्यात उतरवल्या. टीव्हीवर एक तज्ज्ञ रोज युद्धाची शक्यता टक्क्यांत सांगू लागला, पावसाची सांगतात तशी.

“सतरा टक्के म्हणजे काय गे बाय?” बाबल तांडेलाने विचारलं. केंद्राच्या खालच्या खडकांत त्याची होडी असे. “म्हणजे लढाई होतली काय नाय?”

“त्यालाच माहीत नाही, बाबलकाका.”

“मगे सांगता कित्याक?” आणि मग तो खऱ्या मुद्द्यावर आला. “तुझी ती तार. ती माझी होडी आयकता म्हणतत. माझी जागा कोणाक सांगणा नाय मा?”

“कुठली जागा?”

बाबलने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने जीभ चावली. सुरमईची जागा बाबलच्या बापाने मरताना बाबलला सांगितली होती आणि बाबलने ती अजून स्वतःच्या मुलाला सांगितली नव्हती.

“नाही सांगत,” ती म्हणाली. “होड्या चोथ्यात जातात. चोथा कुणी बघत नाही.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिने तो पाहिला.

कारण साधं होतं. एका देवमाशाचा सूर मधेच तुटला होता. फडक्याने चुकून सुराचा तुकडा कापला असेल, या शंकेने तिने त्या दिवसाचा चोथा उघडला. तुकडा तिथेही नव्हता. त्या जागी काहीच नव्हतं. समुद्रात ‘काहीच नाही’ असं कधी नसतं. तिथे कायम एक गुणगुण असते. या गुणगुणीत एक भोक होतं, आणि ते भोक सरकत होतं. केबलवरून पुढे, एका चालीने, सरळ दक्षिणेला.

मंदाकिनीने तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला आणि मग तिला कळलं. नव्या पाणबुड्या इतक्या शांत असतात की त्यांचा आवाज समुद्राच्या आवाजाखाली बुडतो, हे तिने ओवीकडूनच ऐकलं होतं. त्यांना ऐकता येत नाही. पण लोखंडाचं एवढं मोठं धूड पलीकडची गुणगुण अडवतं, आणि त्याची सावली पडते. ही सावली दिसायला भोवतीचा प्रत्येक आवाज आधी ओळखून बाजूला काढावा लागतो, आणि एवढा खटाटोप जगात कुणी केला नव्हता. देवमाशांसाठी तो दोघांनी केला होता.

तिने मागचे दिवस काढून पाहिले. एक भोक पश्चिमेकडून आलेलं, रुंद, सावकाश. दुसरं तसंच. आणि तिसरं ओवी निघाली त्यानंतर लगेच, कारवारच्या बाजूने आलेलं, अरुंद, जरा घाईचं.

ती आई होती. पहिली भावना आनंदाची झाली, हे आठवून तिला नंतर लाज वाटली. इतक्या वर्षांत लेक पाण्यात असताना ती पहिल्यांदाच तिला ‘दिसत’ होती. दोन दिवस ती धड जेवली नाही. खुर्ची ओढून भोकासमोर बसली, तापलेल्या पोराच्या उशाशी बसतात तशी. केबलच्या टोकाशी ते भोक पडद्यावरून उतरलं आणि मग तिला शू आठवले.

फडकं जगातली इतर केंद्रंही वापरत, पण चोथा उघडून पाहायची खोड शूंचीच. दिवाळीच्या पुडीतला चोथा त्यांच्याकडे होता. आणि ओवी अंदमानच्या बाजूला गेली, तर ती शूंच्या केबलवरून जाणार होती.

त्यांना माहीत असेल का? विचारणं अशक्य होतं. विचारणं म्हणजेच सांगणं. त्यांनी नेहमीसारखं पत्र पाठवलं, ‘जेवलीस का?’, आणि खाली त्यांच्या गुडघेदुखीची हकिगत. तिने ते पत्र परत परत वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या शब्दांत ती दुसरं काही शोधत होती, आणि याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

ओवी आली ती उन्हाला डोळे बारीक करत. पाणबुडीवरून आलेल्यांना दोन दिवस ऊन सोसत नाही. दुपारी ती विळीवर नारळ खोवत बसली होती, तेव्हा मंदाकिनीने संगणक तिच्यासमोर ठेवला.

“हे बघ जरा.”

ओवीने पाहिलं. खोवायची थांबली. भोकाची वाट, तारखा, वळण. तिचा चेहरा उतरला.

“आई, हे बंद कर.”

“तूच ना ती?”

“बंद कर म्हणते ना!” तिने स्वतःच हात लांबवून झाकण लावलं. बोटांना खोबरं लागलं होतं. त्याचे कण झाकणावर राहिले. “कुणाला दाखवलंस?”

“तुलाच.”

ओवी उठली, पाणी प्यायली, परत बसली. मग हळूहळू बोलू लागली, लहानपणी आईला गणित समजावायची तशी, आईलाच ते आधीपासून येत असूनही.

“पाणबुडीचं काम काय असतं, सांग. लढणं नाही. नसणं. समोरच्याला कळत नाही आम्ही कुठे आहोत, म्हणून तो आमच्यावर पहिला घाव घालत नाही. घातला तरी कुठूनतरी उत्तर येणार, हे त्याला माहीत असतं. त्यांच्या बोटींचंही तसंच. अमेरिकेचंही. सगळ्यांची शेवटची काठी पाण्याखाली लपवलेली आहे, म्हणून वर नुसता आरडाओरडा चालतो.”

“आणि ती काठी दिसली तर?”

“ज्याची दिसली तो घाबरतो. आता चीन सामुद्रधुनीत एवढा अंगावर का येतो आहे? त्याला वाटतं सगळे मिळून आपल्याला कोंडताहेत. समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर दुसऱ्याचं बेट. कोंडलेला माणूस वाईट असतोच असं नाही, पण त्याची लपवलेली काठीही कुणी हेरली असं त्याला कळलं तर ती हातातून जायच्या आत तो वापरून मोकळा होईल. आपणही तेच करू.” तिने आईकडे पाहिलं. “टीव्हीवरच्या त्या माणसाचे सतरा टक्के आहेत ना, ते सगळे या भोकावर उभे आहेत.”

“मग काय करायचं?”

“मला हे वर सांगावं लागेल, आई. मी वर्दीत आहे.”

“सांग,” मंदाकिनी म्हणाली. “मी लपव म्हणणार नाही.”

ओवीला हे अपेक्षित नसावं. तिने खोवलेलं खोबरं उगाचच एका बाजूला लोटलं. “शूआजोबांना माहीत आहे?”

“विचारलं की माहीत होईल.”

“मग विचारू नकोस.” थोडं थांबून ती म्हणाली, “ते असं करणार नाहीत गं.”

“काय करणार नाहीत?”

“मला दाखवणार नाहीत.” आणि लगेच स्वतःवरच चिडून: “हे काय बोलते आहे मी! एवढं प्रशिक्षण घेतलं आणि म्हणे आजोबा दाखवणार नाहीत!”

ओवीची रजा आटपली, त्याच सुमाराला चिनी नववर्ष उजाडलं आणि शूंची पुडी आली. नेहमीचे शिक्के, नेहमीचा रस. सोबतच्या चिठ्ठीत गुडघा बरा असल्याचं कळवलं होतं आणि एक ओळ जास्त होती: ‘यंदा चोथा जरा जास्त बारीक बघ. म्हातारपणामुळे माझ्याकडून काही चुका राहिल्या असतील.’

मंदाकिनीने दार लावून घेतलं आणि चोथा उघडला. अंदमानचा समुद्र, मलाक्का, हायनानचा खोल उतार. तिने भोकं शोधली. एकही नव्हतं. सगळीकडे गुणगुण सलग होती. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिने आयुष्यभर समुद्र ऐकला होता, आणि इतका सलग समुद्र तिने कधी ऐकला नव्हता.

ओवी परतीच्या वाटेवर जिथून गेली असेल त्या तुकड्यावर तिने आवाज लावला.

तडतड. गरम तेलात मोहरी उडावी तशी. ही टिचक्या मारणारी कोळंबी. ही उथळ खडकांत राहते. तिथे पाणी चार हजार मीटर खोल होतं. तिथे ती असणं शक्यच नव्हतं. कुणीतरी भोकावर ठिगळ लावलं होतं. तिने आवाज आणखी वाढवला. तडतडीच्या मागे काहीतरी होतं. डुबुक. मग थांबून, डुबुक. डुबुक.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खिडकीबाहेर खालच्या खडकांकडे पाहिलं.

पहिल्या वर्षी, शूंशी ओळख झाली तेव्हा, ‘तुझ्या गावचा समुद्र कसा आहे’ असं त्यांनी विचारलं होतं आणि तिने याच खडकांपाशी मायक्रोफोन बुडवून तासभराचा आवाज त्यांना भेट पाठवला होता. ते ध्वनिमुद्रण खराब झालं होतं, कारण शाळेतून आलेली ओवी खडकावर बसून पाण्यात खडे टाकत होती. एक, मग थांबून दोन. आई कितीदा रागावली तरी. मंदाकिनीने तसंच पाठवून दिलं होतं आणि माफी मागितली होती. शूंनी उत्तर दिलं होतं: हा भाग मी कापणार नाही.

तिने दुसरं ठिकाण लावलं. मलाक्काच्या तोंडाशी, जिथे अमेरिकी बोट गेली असावी. डुबुक. हायनानच्या उतारावर, जिथून शूंच्या स्वतःच्या देशाच्या बोटी निघतात. डुबुक. डुबुक. अर्ध्या आशियाच्या खोल समुद्रात एक शाळकरी मुलगी बसून खडे टाकत होती.

शूंना दिसलं होतं. त्यांनी ते सगळ्यांपासून झाकलं होतं, त्यांच्या स्वतःच्या माणसांपासूनही. आणि झाकल्याचं एकाच माणसाला कळेल असं झाकलं होतं.

कॅप्टन रेगे आले ते साध्या कपड्यांत, दुपारच्या एसटीने. ओवीचा अहवाल त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. सडपातळ, मृदू बोलणारे गृहस्थ. चहात साखर नको म्हणाले आणि दोन खोबऱ्याच्या वड्या खाल्ल्या.

“धुरीबाई, मी एकच विचारायला आलो आहे. तुमच्या त्या प्राध्यापकांना आमच्या बोटी दिसतात का?”

मंदाकिनीने रात्रंदिवस याच प्रश्नाचा विचार केला होता. ‘नाही’ म्हटलं तर नौदल समजेल, ही किल्ली फक्त आपल्याकडे आहे, आणि ती वापरायला घेईल. ‘हो’ एवढंच म्हटलं तर बोटी उघड्या पडल्याच्या धास्तीने दिल्लीत काय घडेल याचा नेम नव्हता. आणि सगळं सांगितलं, तर एका म्हाताऱ्याचा जीव या परक्या माणसाच्या ओठांवर राहणार होता.

“तुम्ही किती वर्षं पाणबुडीवर होता?” तिने विचारलं.

“ऐन उमेद सगळी तिथेच गेली.”

“मग ऐका.” तिने त्यांच्या हातात हेडफोन दिले.

खडे त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. ते कुठले हे तिने सांगितलं, तेव्हा त्यांनी हेडफोन उतरवले आणि रुमालाने चष्मा पुसायला घेतला.

“म्हणजे त्यांना दिसतं, पण ते दाखवत नाहीत,” ते म्हणाले. “आणि आपल्याला दिसतं. मग आपण नुसतं पाहत राहायला काय हरकत आहे?”

“राहा ना. एक दिवस तुमचं जहाज त्यांच्या बोटीच्या नेमकं डोक्यावर जाऊन थांबेल. त्यांना कळेल, आपण दिसतो. ते कारण शोधतील. आधी माझं नाव सापडेल, मग शूसरांचं, मग त्यांच्या कपाटातलं फडकं. शूसर जातील. आणि त्यानंतर माझी मुलगी दिसेल.”

रेग्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मी फडक्याची नवी आवृत्ती लिहिली आहे,” ती म्हणाली. “ती केबलच्या तोंडाशीच बसते. रस ठेवते, चोथा साठवतच नाही, जागच्या जागी विस्कटून टाकते. जगातली सगळी केंद्रं माझंच फडकं वापरतात, नवीन दिलं की तेच लावतील. तुम्हाला न सांगता आजच देऊ शकले असते. पण ओवीने वर्दीपासून लपवलं नाही, मग मी का लपवू?”

“आणि लोकांना कारण काय सांगणार? चोथा पाठवण्याची पद्धत तुमच्या दोघांचीच ना?”

“बाबल तांडेल.”

“कोण?”

तिने बाबलची तक्रार सांगितली. मासेमाऱ्याची जागा हे त्याचं गुपित. केबलने होड्यांच्या खुणा साठवणं म्हणजे ते गुपित चव्हाट्यावर मांडणं. रेगे आधी गंभीरपणे ऐकत होते, मग हसू लागले, आणि बराच वेळ त्यांना थांबता येईना.

“हे कायमचं नाही, बाई,” जाताना ते म्हणाले. “आज ना उद्या कुणीतरी पुन्हा असंच फडकं विणेल.”

“विणेल. पण देवमाशांसाठी विणणारा लवकर भेटत नाही.”

दिल्लीत काय बोलणं झालं ते तिला कधी कळलं नाही. दोन वेळा तिला बोलावून तेच तेच विचारलं, एकदा खडे परत ऐकवायला लावले. शूंचं नाव मात्र कागदावर कुठेच आलं नाही. उन्हाळ्यात तिला निरोप आला: जाकार्ताला समुद्रध्वनीची परिषद आहे, तुम्ही ठराव मांडा.

तिने मांडला. केबलने ऐकणाऱ्या केंद्रांनी होड्यांच्या खुणा साठवू नयेत, लहान मासेमाऱ्यांच्या जागांचं गुपित राखावं. पहिल्या रांगेत तीन देशांचे राजनैतिक अधिकारी बसले होते. सामुद्रधुनीत त्या घडीलाही त्यांचे ताफे एकमेकांसमोर उभे होते, आणि वर्षभरात त्यांनी एकमेकांच्या एका स्वल्पविरामालाही संमती दिली नव्हती. मंदाकिनी तासाभराच्या प्रश्नोत्तरांची तयारी करून गेली होती.

चिनी प्रतिनिधी उभे राहिले. लहान मासेमाऱ्यांविषयी आपल्या देशाला फार जिव्हाळा आहे, म्हणाले. अमेरिकी प्रतिनिधीने लगेच अनुमोदन दिलं. त्यांचे आजोबाही म्हणे मासेमार होते. भारताने टाळ्या वाजवल्या. चहाच्या आत ठराव मंजूर झाला.

“इतक्या लवकर?” ती बाजूला बसलेल्या रेग्यांना हळूच म्हणाली.

“तुम्हाला काय वाटलं, चोथा फक्त तुम्हीच उघडून पाहिला असेल?” ते ओठ न हलवता म्हणाले. “प्रत्येकाला काही ना काही कळलेलं आहे. कबूल कोण करणार? बरं निमित्त दिलंत सगळ्यांना.”

संध्याकाळी जेवणाच्या दालनात एक बुटका, पांढऱ्या केसांचा माणूस काठी टेकत तिच्या टेबलाशी आला. इतकी वर्षं तिने हा चेहरा पडद्यावरच पाहिला होता. काठी कधी दिसली नव्हती.

“जेवलीस का?” शूंनी विचारलं.

तिने खुर्ची ओढून दिली. भोवती दोन्ही देशांची माणसं होती, आणि दोघांपैकी कुणीही त्या विषयावर बोलणार नव्हतं, आज नाही आणि पुढेही कधी नाही. ते देवमाशांविषयी बोलले. सूर आणखी थोडा उतरला होता. मग गुडघ्याविषयी. मग तिने पिशवीतून एक जुनं, पिवळट, धुऊन विरलेलं सुती फडकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

“हे खरं फडकं. माझ्या आईचं.”

त्यांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं. “यातून देवमासा निसटेल,” ते म्हणाले.

“आणि हे ओवीने दिलं आहे.” तिने मूठ उघडली. निवतीच्या खडकांतले तीन काळे खडे.

शूंनी खडे उचलले, एक बाजूला ठेवला, मग थांबून दोन. “पोरगी फार व्रात्य होती,” ते म्हणाले. “सगळं ध्वनिमुद्रण खराब केलं होतं.”

“मी माफी मागितली होती.”

“हो. आठवतं.” त्यांनी खडे कोटाच्या आतल्या खिशात टाकले आणि वरून हात फिरवून पाहिला. “माझा देश म्हातारा आहे, मंदा. म्हाताऱ्यांना जुने अपमान फार आठवतात आणि ते मोठ्याने बोलतात. पण त्यांना वेळ दिला तर कधी कधी ते झोपीही जातात. आपण थोडा वेळ मिळवला. पुरेसा आहे का, ते नाही सांगता येत.” मग त्यांनी भाताची वाटी जवळ ओढली. “यंदा चोथा नको पाठवूस.”

“मग पुडीत काय पाठवू?”

“त्या वड्या. ओवी शाळेत असताना म्हणाली होती, फार चांगल्या असतात.”

पावसाळा सरल्यावर ताफे सामुद्रधुनीतून थोडे मागे सरले. टीव्हीवरचा तज्ज्ञ नऊ टक्क्यांवर आला आणि मग निवडणुकांकडे वळला. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. आरडाओरडा चालू राहिला.

रजा संपवून ओवी निघाली. डब्यावरून यंदा वाद झाला नाही. तिने तो स्वतःच पिशवीत कोंबला. दारात मात्र ती रेंगाळली.

“आई, आता नाही ना दिसत मी?”

“नाही.”

“वाईट वाटतं?”

“वाटतं,” मंदाकिनी म्हणाली. “बघायची सवय लागली होती. दोन दिवसांतच लागली.” तिने ओवीच्या खांद्यावरचा नसलेला कचरा झटकला. “लांब का गं?”

“लांबच.”

गाडी वळली. मंदाकिनी कातळावरून केंद्राकडे चालू लागली. खाली खडकांत बाबल जाळं सारखं करत बसला होता.

“चेडू गेला?” त्याने मान वर न करता विचारलं.

“गेली.”

त्याचं तोंड पुढे काही विचारायला उघडलं, आणि मिटलं. जाळ्याची एक गाठ त्याने दाताने ओढून घट्ट केली.

“लांब?”

“लांब,” मंदाकिनी म्हणाली. आणि किती लांब, हे आता तिलाही खरोखरच ठाऊक नव्हतं.